अप्पांनी निवडलेला कीबोर्ड

बोलायला सुरुवात करण्याआधी अप्पा मोबाइल टेबलावर उपडा ठेवत, वर रुमाल टाकत आणि आवाज खाली आणून म्हणत, "यामा काहीतरी शे." यात काहीतरी आहे. विषय ग्रामपंचायतीच्या ठरावाचा असो की कार्यालयात नव्याने बसवलेल्या पाण्याच्या फिल्टरचा, सुरुवात याच वाक्याने होई. एरवी ते आमच्याशी मराठीत बोलत. संशय आला की अहिराणी येई.

ते देवळ्याकडच्या एका गावचे. घरची कांद्याची शेती आणि आमच्या वर्तमानपत्राची बातमीदारी. मी नाशिकच्या कार्यालयात उपसंपादक. त्यांच्या बातम्या माझ्याकडे येत. हाताने लिहायचं आणि कागदाचा फोटो पाठवायचा, अशी त्यांची पद्धत. एक दिवस कार्यालयाने फर्मान काढलं की बातमी यापुढे मोबाइलवर टाइप करूनच यायला हवी. अप्पा एसटीने नाशिकला आले. कीबोर्ड निवडायला.

असा कीबोर्ड निवडणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. तुम्ही-आम्ही जो फोनमध्ये असेल तो वापरतो. अप्पांनी माझ्या शेजारी खुर्ची ओढली आणि एकेक ॲप उतरवायला सुरुवात केली. पहिला कीबोर्ड चालू करताना पडद्यावर सूचना आली: तुम्ही टाइप केलेला सर्व मजकूर, पासवर्डसुद्धा, हे ॲप गोळा करू शकतं. अप्पांनी ती मोठ्याने वाचली.

"अप्पा, दाबा ना ओके. सगळेच दाबतात," आमची तरुण वार्ताहर म्हणाली.

"ताई, चोर आधी सांगून आला म्हणजे तो चोर नाय का?"

"ती सूचना प्रत्येक कीबोर्डला येते."

"मग सगळेच!"

दुसऱ्यात बोलून टाइप करण्याची सोय होती. अप्पा दोन वाक्यं बोलले, अक्षरं झरझर उमटली. ते खूश झाले, मग थबकले. "हे ऐकतंय कोण?" उत्तर समाधानकारक न मिळाल्याने तोही गेला. तिसऱ्यात रंगीत थीम, स्टिकर आणि जाहिराती होत्या. "फुकटात एवढा थाट कशासाठी करतो हा?" तोही गेला.

चौथा साधा होता. करडा रंग, मराठी अक्षरं, बाकी काही नाही. तो इंटरनेटची परवानगीच मागत नव्हता. टाइप केलेलं फोनबाहेर जाणार नाही, हे त्या तरुण वार्ताहराने पुन्हापुन्हा दाखवलं तेव्हा अप्पांनी तो ठेवला. अडचण एकच. गावाकडची आडनावं तो ओळखत नसे, आणि बातमीत नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी बातमीदाराला पारावर बसता येत नाही. त्यावर उपाय होता: फोनमधली नावं कीबोर्डला वाचू द्यायची. "घरातल्या घरात वाचतोय ना? मग वाचू दे," म्हणत अप्पांनी परवानगी दिली. त्या दिवशी त्यांनी न कुरकुरता दाबलेलं हे एकमेव ओके.

फोनमध्ये नावं साठवण्याची त्यांची रीत आपल्यासारखीच होती. आधी काम, मग नाव. वायरमन अमुक, ग्रामसेवक तमुक. आणि भुईकाटा अमुक.

हा भुईकाट्यावरचा माणूस एका खासगी कांदा व्यापाऱ्याकडे ट्रॅक्टर तोलायचा. काटा वजन कमी दाखवतो आणि ते मुद्दाम केलेलं आहे, असं त्याने अप्पांना सांगितलं होतं. त्यावरची बातमी माझ्याकडे आली होती. तिच्यात 'काट्यावरील एका कर्मचाऱ्याने' एवढाच उल्लेख होता. नाव मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

बातमी छापायची होती त्याच आठवड्यात त्या व्यापाऱ्याच्या, म्हणजे शेठच्या, नव्या गोदामाचं उद्घाटन झालं. समारंभाच्या फोटोखाली पाहुण्यांची नावं लागतात. ती चुकू नयेत म्हणून तालुक्यातले बातमीदार मोबाइल सरळ यजमानाच्या हातात देतात: तुम्हीच टाका. अप्पांनीही दिला. शेठ स्वतःच टाइप करू लागले. स्वतःचं नाव, पद, आणि पुढे गोदामातल्या सोयी सांगताना 'भुईकाटा'. त्याबरोबर अक्षरांच्या वरच्या पट्टीत कीबोर्डने पुढचा शब्द सुचवला. त्यांच्याच काट्यावरच्या माणसाचं नाव.

शेठचं बोट थांबलं.

"आमच्या माणसाशी बरीच ओळख दिसते तुमच्या मोबाइलची."

"सगळ्यांचेच नंबर ठेवावे लागतात, शेठ."

"ठेवा, ठेवा."

अप्पांनी दुसऱ्या दिवशी नाशिकला येऊन हे सांगितलं. 'ठेवा, ठेवा' हे दोन शब्द त्यांनी शेठच्या आवाजात वेगवेगळ्या प्रकारे म्हणून दाखवले आणि मला विचारलं, कसं वाटतं? मला एकदा ते साधे वाटले, एकदा नाही.

"बातमी थांबवा," ते म्हणाले. "आता छापली तर त्याचं घर बसलं. त्याच्या घरात कमावणारा तोच हाय."

"मग शेतकऱ्यांचं काय?"

त्यांनी टेबलावरचा रुमाल आणि मोबाइल उचलला. "मग पुरावा मी देतो," म्हणाले आणि निघाले.

त्यांनी स्वतःच्या कांद्याची ट्रॉली भरली, आधी लांबच्या एका काट्यावर तोलली, मग शेठच्या काट्यावर. ट्रॅक्टर काट्यावर चढला तेव्हा समोर तोच माणूस बसला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. दोन्ही पावत्यांचे फोटो आणि मजकूर संध्याकाळी माझ्याकडे आला. कर्मचाऱ्याचा उल्लेख गेला होता. 'मी स्वतः माझा कांदा तोलला' अशी सुरुवात होती आणि आजवर 'आमच्या बातमीदाराकडून' लिहिणाऱ्या माणसाने वर स्वतःचं पूर्ण नाव टाकलं होतं.

बातमी छापून आली. काट्याची तपासणी झाली, काटा दुरुस्त झाला, शेठ होते तिथेच राहिले. अप्पांच्या कांद्यावर मात्र गावाकडचे व्यापारी बोली लावेनात. ते ट्रॅक्टर विंचूरला नेऊ लागले. तिथे एकदा मला लिलावाच्या रांगेत भेटले. तो माणूस अजून कामावर आहे का, मी विचारलं.

"हाय. शेठ त्याला चहा पन पाजतो आता."

"म्हणजे संशय गेला?"

"नाहीतर वाढला. मी त्या रस्त्यानं जात नाय."

अप्पा गेल्या हिवाळ्यात गेले. त्यांच्याकडूनच लागलेल्या सवयीने मी कारण दोन जणांना विचारलं. दोघांनी हृदयविकारच सांगितला.

दशक्रियेला नदीकाठी गर्दी होती. श्रद्धांजलीला उभे राहिलेल्यांत शेठही होते. निर्भीड पत्रकार वगैरे ते बोलले, आणि चांगलं बोलले. मी समोर बसलेल्या माणसांकडे पाहत होतो. काट्यावरचा माणूस यातलाच कुणीतरी असणार, हे मनात आलं आणि मी एकेक चेहरा पाहू लागलो. टोपी काढून बसलेला एक जण, झाडाला टेकून उभा असलेला दुसरा, मागे डोळे पुसणारा तिसरा.

पुन्हा समोर पाहिलं तेव्हा शेठ बोलता बोलता माझ्याकडे पाहत होते, आणि मग मी जिकडे पाहत होतो तिकडे.

मी मान खाली घातली. कार्यक्रम संपेपर्यंत वर पाहिलं नाही.