चीक आणि खीचू

हर्षदा सुरतच्या नवागामहून रोज सकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाते आणि तिथे एका बुरशीची मर्जी सांभाळते. गल्लीतली बाकीची माणसं कापड विणतात, रंगवतात, त्याला बुरशी लागू नये म्हणून जपतात. मुद्दाम वाढवणारी ही एकटीच. लूमवर आयुष्य काढलेले तिचे वडील उखाभाऊ पाहुण्यांना सांगतात, "पोरगी दवाईच्या लाइनीत आहे." त्यात खोटं काही नाही आणि पुढचे प्रश्नही टळतात.

ही बुरशी मूळची सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या एका समुद्री स्पंजाच्या पोटातली. स्पंज हा प्राणी असतो, हे घरच्यांना पटेना. जागचा हलत नाही, बोलत नाही, नुसता खातो, असं वर्णन ऐकल्यावर आई सुभद्राबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि समजलं म्हणून सांगितलं.

सुरुवातीला बुरशीने एक पिवळं द्रव्य दिलं. जंतू वाढवलेल्या बशीत त्याचा थेंब टाकला की भोवतीचे जंतू मरून स्वच्छ गोल पडायचा. हर्षदाची पीएचडी त्या पिवळ्यावर उभी होती. पुढे प्रयोगशाळेतलं आयतं अन्न खाऊन बुरशी पांढरीशुभ्र, गुबगुबीत झाली आणि द्रव्य द्यायचं तिने बंद केलं. मार्गदर्शक नायकसर मृदू स्वभावाचे. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरही हेच चित्र असेल तर दुसरी बुरशी घेऊ, असं ते मृदूपणेच म्हणाले. म्हणजे पीएचडी पहिल्यापासून.

"तिले खावाले काय देस तू?" आईने विचारलं.

"साखर."

"मंग ती कसाले काम करी?"

शेवटचा उपाय म्हणून बुरशीला तांदळाच्या पिठाची खारट उकड द्यायचं ठरलं. प्रयोगशाळेतली शेगडी बिघडलेली, म्हणून हर्षदाने ती घरीच शिजवली. नेमके ते कुरडयांचे दिवस. भिजवून आंबलेल्या गव्हाचा चीक आईने शिजवला होता, आणि वाडगाभर गरम चीक मानाच्या माणसाकडे पोचल्याशिवाय या घरात सोऱ्याला हात लागत नाही. यंदाचा मान नायकसरांचा. दूध-साखर घालून खा म्हणावं, असा निरोपही होता. दोन्ही स्टीलचे डबे सारखे, दोन्हींवर आईचं नाव कोरलेलं, आत दोन्हीकडे पांढरा चिकट गोळा. एक डबा सरांच्या टेबलावर गेला, दुसऱ्यातला ऐवज काचेच्या चंबूंत. तो वाफेवर निर्जंतुक करून त्यात बुरशी सोडली. सर त्याच संध्याकाळी सुट्टीवर गेले.

सर परतले तेव्हा चंबू हळदीच्या कार्यक्रमाहून आल्यासारखे पिवळे झाले होते. हर्षदाने ते त्यांच्यासमोर मांडले.

"बहु सरस," सर म्हणाले. "आणि हो, तुझ्या मम्मीच्या हातचं खीचू तर फर्स्ट क्लास. मी वर तेल आणि मेथीचा मसाला घेतला."

"सर, मम्मीने खीचू पाठवलं नव्हतं."

"तांदळाच्या पिठाचं होतं. खारं. मी सुरती आहे, मला खीचू कळतं."

 हर्षदाने एकदा चंबूंकडे पाहिलं, एकदा सरांकडे. दोघांचीही तब्येत उत्तम दिसत होती.

"सर, ते बुरशीचं जेवण होतं."

सरांनी थोडा विचार केला. "मग बुरशीने काय खाल्लं?"

शास्त्रात एकदा घडलेल्या गोष्टीला किंमत नसते. सरांनी सगळं पुन्हा, मुद्दाम करायला सांगितलं: काही चंबूंत चीक, काहींत उकड. पावसाळा तोंडावर, कुरडया डब्यात भरून झालेल्या; तरी सुभद्राबाईंनी गहू भिजवला. शेजारच्या मंगलाबाईंनी आत्ता कशाला म्हणून विचारलं, तर उत्तर मिळालं, "पोरीनी बुरशीकरता." मंगलाबाई दोन दिवस या घरचं पाणीही प्यायल्या नाहीत.

उकडीचे चंबू पांढरेच राहिले. चिकाचे पिवळे झाले. थेंबाभोवती पुन्हा स्वच्छ गोल पडला. सरांनी बशी उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली आणि बुरशी बदलायची नाही, एवढंच म्हणाले. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, उकडीचा डबा सगळाच संपला का.

हर्षदाने घरी फोन लावला.

"आई, पिवळं आलं."

"येवाचंच. बुरशी बी आपला गावनी शे वाटस," आई म्हणाली. "नि तुना सरनी चीक खादाच नही आजून. उद्या डबा देस. आते तरी नीट पोचाड."