अण्णांच्या आवाजाची जुनी फाईल

घशाच्या ऑपरेशनात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाज गेला. तेव्हापासून पडेगावच्या आमच्या घरात त्यांच्या वतीनं एक जुना लॅपटॉप बोलायचा. त्यात लिनक्स नावाची सिस्टीम होती. अण्णांनी टाईप करायचं, त्यानं म्हणायचं. पण बोलायचा लई पुस्तकी. क्रांती चौकाजवळच्या दुकानात जळालेल्या विजेच्या मोटारी रिवाइंड करण्यात अण्णांची हयात गेलेली, ते गप्प बसतात व्हय? त्यांनी आवाजाच्या फाईलमध्ये हात घालून 'होय'चं 'व्हय' केलं, 'नाही'चं 'नाय' केलं. आणि एका बटणावर बसवलं, 'ऐकलं का?' आईला त्यांनी कधी नावानं हाक मारलीच नव्हती. आई मात्र फणकारायची, "हा कोण मेला मला हाका मारतोय?"

मग सिस्टीमचं अपग्रेड आलं. मधेच त्यानं विचारलं, तुम्ही बदललेली फाईल ठेवू, की नवी घालू? अण्णांनी नवी घातली. दुकानात नवा पार्ट आला की ते तो बसवायचेच. लॅपटॉप परत चालू झाला तो मुकाच; जुन्या फाईलसोबत आवाजाची जोडणीसुद्धा गेली होती.

अण्णा स्टीलचा पेला टेबलावर आपटून आईला बोलवू लागले. आई यायची, पण डोळे भरलेले. माझं टाळकंच सरकलं. "कुणी सांगितलं होतं हे अपग्रेड करायला?" मी ओरडले. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मला फार वाईट वाटलं.

थोड्या वेळानं त्यांनी कागदावर लिहून दाखवलं, 'जुना पार्ट बघ.' काढलेला पार्ट ते कधी फेकत नसत. चिंधीत बांधून मोटारीसोबतच गिऱ्हाइकाला द्यायचे.

"अण्णा, ही काय मोटार हाये का?" म्हणत मी शोधलं. आणि खरंच, नव्या फाईलच्या शेजारीच सिस्टीमनं जुनी जपून ठेवली होती, नावाला 'ओल्ड' असं शेपूट लावून.

पण ती जशीच्या तशी नव्यात बसेना. एकेक ओळ उचलायची, घालायची, बोलतंय का बघायचं. 'व्हय' आलं. 'नाय' आलं. अण्णा माझ्या खुर्चीला खेटून बसले होते. शेवटची ओळ घातली तसा त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि स्वतः बटण दाबलं.

"ऐकलं का?"

आई कणकेच्या हातांनीच दारात आली. आता फणकारणार, मला वाटलं.

"परत म्हणा," ती अण्णांना म्हणाली.