लोणावळ्यात मी जिंकलेली कुस्ती

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सांगायला लागलो की मधे कुणी दात काढलेले मला चालत नाहीत. माझी चूक झाली, मान्य. पण निम्मी चूक जपानची होती, हे माझं म्हणणं आजही कायम आहे आणि उद्याही राहील!

तर मी दत्ता, राहणार नवलाख उंबरे. दिवसा एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो आणि संध्याकाळी गावच्या तालमीत पोरांना कुस्ती शिकवतो. तालीम आमच्या वस्तादांची. त्यांना सगळा गाव आबा म्हणतो. गेल्या वर्षी काय झालं, तालमीतली पोरं एकेक करून गळायला लागली. चालली कुठं? लोणावळ्याला! तिथं इम्रान नावाच्या एका तरुणानं बापाच्या चिक्कीच्या दुकानावरच्या माळ्यावर गाद्या अंथरून क्लास काढला होता. कुस्ती, बॉक्सिंग, कराटे, सगळं एकत्र कालवलेली मारामारी.

एका संध्याकाळी तालमीत आम्ही दोघंच उरलो. मी आणि सत्तरीचे आबा. आबा खोरं घेऊन माती उकरत होते.

“दत्ता, उद्या न्हाई उकरली तरी चालंल न्हवं?”

ह्या माणसानं मला पोरासारखं वाढवलं होतं.

“आबा, पोरं परत आनतो. माझा शब्द हाय!” मी म्हणालो.

आता शत्रूला हरवायचं तर आधी ओळखायला नको? ही पोरं सगळी जपानातली कुठलीशी कंपनी भरवते त्या असल्याच लढतींची वेडी. म्हणून मीही बघायला घेतल्या. पद्धत ओळखीचीच निघाली. आपल्याकडं नाही का, आज ह्या गावची जत्रा, परवा त्या गावची, आणि प्रत्येक जत्रेला आखाडा? तसंच तिकडं! उन्हाळ्यात एका शहरात, पावसाळ्यात दुसऱ्यात, आणि सगळ्यात मोठा आखाडा एकतीस डिसेंबरला. मी एक दोनशे पानी वही केली आणि वर्षभर एकही आखाडा सोडला नाही. जेवणाच्या सुट्टीत मोबाईल पाण्याच्या ग्लासाला टेकवून बसायचो. जपानी नावं काही वाचता येईनात, म्हणून नोंद चड्डीच्या रंगावरून. ‘लाल चड्डी विजयी. हिरवी चड्डी चीतपट.’

आणि माझं बघणं शिस्तीचं होतं बरं का. कुणाची पाठ टेकली रे टेकली, की कुस्ती संपली. निकाल वहीत आणि अंगठ्यानं व्हिडिओ पुढं सरकवून पुढची जोड! बरोबर आहे ना? पाठ टेकल्यावर बघायचं काय उरतं? हारतुरे?

एकदा तळेगाव स्टेशनवर आमच्याच तालमीतून फुटलेला सुनील भेटला. मी त्याला वहीतला ताजा निकाल ऐकवला.

“काय दत्ताभाऊ! हिरवी चड्डी जिंकली की! खालनं गळा आवळला त्यानं.”

“खालनं? पाठ टेकलेला मानूस जिंकतो व्हय रं? मी सोताच्या डोळ्यांनी बगितलंय!”

“पन शेवटपतुर बगितलं का?”

“शेवट झालाच हुता!”

सुनीलनं कपाळाला हात लावला. मला वाटलं, पटलं.

आली एकतीस डिसेंबर. लोक त्या दिवशी रात्रीची तयारी करतात. मी मात्र रजा टाकून सकाळी साडेदहालाच मोबाईलसमोर बसलो, कारण जपानात तेव्हा दुपार असते आणि ह्या लढती थेट दाखवणार होते. शेवटची जोड विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी होती. त्यात होती निळी चड्डी, जिला मी वर्षभरात तीनदा चीतपट नोंदवलं होतं. हा शेवटपर्यंत आलाच कसा? बरं, इथंही दोन मिनिटांत त्याची पाठ टेकली. म्हटलं, चला, वर्ष संपलं. चहा घ्यायला उठलो. कप घेऊन परत येतो तर काय, तीच निळी चड्डी कमरेला पट्टा बांधून ढसाढसा रडतेय, आणि सगळं जपान उभं राहून टाळ्या वाजवतंय!

माझं डोकंच सटकलं. सेटिंग! धडधडीत सेटिंग! आणि असल्या लबाडीपायी आमची पोरं तालीम सोडून गेली?

पुढच्याच रविवारी वही काखेत मारली, आबांना बरोबर घेतलं आणि थेट लोणावळा गाठलं. आमची सगळी पोरं माळ्यावर हजर होती. मी वही इम्रानपुढं आपटली. त्यानं अदबीनं चार पानं उलटली.

“काका, निकाल बरेचसे उलटे आहेत. तुम्ही जरा नियम समजून—”

“नियम? मला शिकवतो? ये समोर. तुला पाडला तर आमची पोरं सोडायची!”

“बरं. आणि मी जिंकलो तर?”

“तर तालीम तुजी!”

आबांनी मागून माझा सदरा ओढला. बरोबर आहे, तालीम काय माझी होती? पण तोंडातून गेलं ते गेलं. माघार घेणं आपल्या रक्तात नाही.

इम्रान बिचारा समंजस. म्हणाला, “बुक्क्या नकोत काका, फक्त धरपकड. आणि सहन झालं नाही तर हातानं थापटायचं, लगेच सोडीन.” मी लक्षच दिलं नाही. शरण जायचे नियम मी कशाला ऐकू?

सुनीलला पंच केलं. त्यानं हात खाली केला, मी आत घुसलो, पाय धरून पट काढला आणि इम्रानला उचलून असा टाकला की खाली दुकानातल्या बरण्या वाजल्या! वजनानं माझ्याहून वीस किलो कमी, करतोय काय? दोन्ही खांदे गादीला. पूर्ण चीतपट!

मी सोडला त्याला. उभा राहिलो. हात वर करून चारी बाजूंना फिरलो. पोरं ओरडत होती, “दत्ताभाऊ, मागं! मागं!” मला वाटलं, कौतुक चाललंय. मग रीतीप्रमाणं वस्तादांच्या पाया पडायला वाकलो.

आणि मानेभोवती हात पडला.

हे आता काय? कुस्ती तर संपली होती! मला पाठीमागं ओढून इम्रान असा काही चिकटला की सुटायलाच येईना. सोडवायचं कसं? माझा एकही व्हिडिओ इथवर पोचलेला नव्हता! श्वास अडकला, कान तापले. पण मीही मावळातला गडी. म्हटलं, ह्याला दाखवतोच अजून दम आहे ते. आणि दिला ठोकून मांडीवर शड्डू! एक नाही, चांगले तीन.

इम्राननं लगेच हात सोडला.

“थापटलं! दत्ताभाऊ हरले!” सुनील ओरडला.

“शड्डू हुता त्यो, गाढवा!” मी ओरडलो. म्हणजे ओरडायला गेलो. गळ्यातून नुसती हवा आली.

मी गादीवर बसून राहिलो. आबांची अख्खी तालीम मी दोन मिनिटांत घालवली होती, आणि तीसुद्धा जिंकल्यावर! आबांकडं बघायची हिंमत होईना. लाज वाटत होती, दुसरं काय?

आबा उठले. माझ्या शेजारून तसेच पुढं गेले आणि इम्रानसमोर उभे राहिले.

“का रं पोरा, पाठ टेकल्यावर बी लढता येतंय?”

“येतं की, आबा. खरी लढत तिथूनच सुरू होते.”

“सत्तर वर्सं झाली, मला कुनी सांगितलं न्हाई.” आबांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि धोतर खोचून सरळ गादीवर उताणे झाले. “दाव!”

इम्राननं त्यांना तासभर शिकवलं. आबा खालून पाय अडकवायचे आणि लहान पोरासारखे खिदळायचे. निघताना आबांनी शब्दाला जागून तालमीची किल्ली इम्रानपुढं धरली. इम्राननं कानाला हात लावले.

“किल्ली नको आबा. फक्त जागा द्या. रोज बरण्या वाजतात म्हणून अब्बा वैतागलेत.”

तेव्हापासून आमच्या तालमीत तीन दिवस मातीतली कुस्ती चालते आणि तीन दिवस इम्रानचा क्लास. पोरं सगळी परत आली. आता तुम्हीच सांगा, शब्द मी पाळला की नाही? आणि त्या दिवशी पाठ आधी कुणाची टेकली होती?

हां, एक मात्र आहे. नवी पोरं आली की गळा कसा आवळायचा ते इम्रानला कुणावर तरी करून दाखवावं लागतं. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, “कोण येतं?” सगळी पोरं मागं सरकली. मातीच्या कडेला बसलेल्या आबांनी काठी माझ्याकडं रोखली.

“ह्या दत्त्याची मान घे. डोकं तर त्यानं कदी वापरलं न्हाई, मान तरी कामाला यिऊ दे!”