फळ्यावरची लाल अक्षरं

"घासू नका. आधी विचारा, हा कशात विरघळतो."

धुळ्यातल्या ज्या कोचिंग क्लासमध्ये मी काउंटरवर बसते, तिथे कुणाच्या हातून चुकून पांढऱ्या बोर्डावर परमनंट मार्कर चालला, की केमिस्ट्रीचे सर हे वाक्य म्हणतच जिना उतरायचे. तोपर्यंत कुणीतरी ओलं फडकं घेऊन जिवाच्या आकांताने घासत असायचं. सर त्याच्या हातातलं फडकं काढून घ्यायचे आणि खिशातला साधा बोर्डाचा मार्कर उघडायचे. मग त्या न पुसणाऱ्या अक्षरांवर, पहिलीतलं पोर गिरवतं तसं, प्रत्येक अक्षर नीट गिरवायचे आणि लगेच कोरड्या कापडाने पुसून टाकायचे. दोन्ही अक्षरं एकदमच निघून जायची.

"ह्या शाईला पाणी चालत नाही, स्पिरिट लागतं. ह्या साध्या मार्करमध्ये ते आहेच. फक्त ओलं आहे तोवर पुसायचं. वाळलं की पुन्हा पहिल्यापासून."

हे ते मार्करपुरतंच वापरायचे असं नाही. एकदा एक पालक काउंटरवर येऊन माझ्यावर ओरडत होते. सर हळूच माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "ताई, ह्यांना घासू नका. हे चहात विरघळतात." खरंच विरघळले.

सर सावद्याचे, जळगावच्या पलीकडे रावेरच्या वाटेवरचे. तिकडे त्यांची बायको, आई आणि तीन वर्षांची मुलगी. इथे देवपूर भागात एक खोली, एक स्टोव्ह, एक बादली. शनिवारी संध्याकाळी घरी जायचे, रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत. मुलगी म्हणे प्रत्येक रविवारी सकाळी त्यांना बघून आईच्या मागे लपायची. "दुपारपर्यंत मांडीवर येते," ते सांगायचे, "आणि मग माझी गाडी येते." हे ते हसत सांगायचे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी नेमकं जिथे दुखतं तिथेच हसतात.

आईचा फोन आला की त्यांची भाषा पार बदलायची. "जेवलो वं माय, जेवलो." मी धुळ्याची, घरात अहिराणी बोलणारी. 'आहे'ला मी 'शे' म्हणते; ते माझ्या 'शे'ला हसायचे, मी त्यांच्या 'वं'ला.

आता क्लासबद्दल सांगते. आमचे संचालक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणतात, ते एकेकाळी फिजिक्स फार सुंदर शिकवायचे. पुढे क्लास वाढला आणि ते केबिनमध्ये जाऊन बसले. नोकरीला लागताना प्रत्येकाने तीन वर्षांचा बाँड लिहून द्यायचा आणि आपली मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडे ठेवायची, असा नियम. दहावीच्या गुणपत्रकापासून बी.एड.पर्यंत सगळं एका खाकी पाकिटात, पाकिटावर आपल्याच हाताने लिहिलेलं आपलं नाव. ती पाकिटं काउंटरमागच्या लोखंडी कपाटात. त्याच कपाटात हजेरीच्या फायली असल्यामुळे एक किल्ली माझ्या खणात असायची. माझंही पाकीट तिथेच होतं. मी रोज दहा वेळा ते कपाट उघडायची आणि रोज दहा वेळा सगळ्यांची नावं बघायची.

हॉलमध्ये एक लांब बोर्ड होता. दर पंधरा दिवसांनी परीक्षा झाली की मोठे सर स्वतः येऊन त्यावर शेवटच्या दहा मुलांची नावं लिहायचे. वर लाल अक्षरात इंग्रजीत 'बॉटम टेन', खाली काळ्यात मराठीत नावं, म्हणजे गावाकडून आलेल्या पालकांनाही वाचता यावीत. पोरांनी बोटाने पुसू नयेत म्हणून सगळं परमनंट मार्करने. पुढच्या परीक्षेपर्यंत ती नावं तिथेच. मग जुनी पुसायचं काम माझं. सरांकडून मी ते शिकले होते. पण आधीच्या कुणीतरी तारेच्या घासणीने घासून बोर्डाची चकाकीच घालवली होती. उन्हं तिरपी आली की गेल्या कितीतरी परीक्षांमधली नावं पुसट दिसायची.

दिवाळीनंतरची गोष्ट. सोनगीरकडच्या एका खेड्यातून एक मुलगी बारावीला यायची, दीपाली. त्या पंधरवड्यात तिचं नाव बोर्डावर दुसरं होतं. शेवटून दुसरी, म्हणून यादीत दुसरी. त्या दिवशी तिचे आजोबा, तिचे आबा, तिला न्यायला आले. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. हॉलमध्ये उभे राहून ते एक एक अक्षर जुळवत बोर्ड वाचायला लागले आणि एकदम मोठ्याने म्हणाले,

"हाई मनी नातनं नाव शे! दुसरा लंबर!"

वीस-पंचवीस मुलं होती तिथे. एकही हसलं नाही. दीपाली जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होती, तिथेच थांबली. आबांनी पिशवीतून मोबाईल काढून माझ्या हातात दिला.

"माय, एक फोटू काढ आमना. घर जाईसन बठ्ठासले दखाडसू."

मी मोबाईल धरून उभी. काय करायचं सांगा? खरं सांगावं तर भर हॉलमध्ये त्या म्हाताऱ्या माणसाचं तोंड उतरणार. फोटो काढावा तर घरी सगळ्यांना दाखवणार, मग तो गावभर फिरणार, आणि इंग्रजी वाचणारा कुणीतरी गावात असणारच. दीपाली माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत नुसतं 'नको' होतं.

तेवढ्यात सर तास संपवून खाली आले. त्यांनी बोर्ड बघितला, आबांना बघितलं, मुलीला बघितलं. मग खिशातला मार्कर काढला.

"थांबा आबा. वरती जरा खराब झालंय, फोटोत बरं दिसणार नाही."

त्यांनी त्या लाल अक्षरांवरून शांतपणे काळा मार्कर फिरवला आणि ती कापडाने पुसून टाकली. दोन मिनिटंही लागली नाहीत. वरचं गेलं, खाली फक्त दहा नावं राहिली. कशाची यादी, हे आता कुणालाच कळलं नसतं. आबा म्हणाले, सरांशिवाय फोटो कसा? म्हणून सरही उभे राहिले. मी फोटो काढला. मध्ये आबा, एका बाजूला खाली बघणारी दीपाली आणि दुसऱ्या बाजूला सर, हातात काळं-लाल झालेलं कापड.

दुसऱ्या दिवशी दीपाली काउंटरशीच रडली. "सर, घरी फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय. शेजारी बघायला येतात. आता मी काय करू?"

सरांनी तिला खुर्चीवर बसवलं. मग म्हणाले, "चूक माझी आहे. मी घाईत नुसतं वरचं पुसलं." त्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत, सगळे डबे खात असताना, ते जिन्याच्या वळणावर तिला पहिल्या धड्यापासून शिकवायला लागले.

बोर्ड पुसल्याचं मोठ्या सरांना कळायला वेळ लागला नाही. हॉलमध्ये कॅमेरा आहे, तो त्यांच्या मोबाईलवर दिसतो. त्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं.

"तो बोर्ड माझा आहे सर," मोठे सर म्हणाले.

"हो सर."

"मी मुलांना लाज वाटावी म्हणून लिहितो. लाज वाटली तरच अभ्यास होतो. मी असाच शिकलो."

"मी नाही शिकलो तसा," सर म्हणाले.

एवढंच बोलणं झालं. पण त्याची किंमत सरांना डिसेंबरात मोजावी लागली. सावद्यापासून अर्ध्या तासावर एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात त्यांची निवड झाली होती. कायमची नोकरी, रोज घरी जेवायला. सोमवारी कागदपत्रांची पडताळणी, मूळ प्रमाणपत्रांसह. त्यांनी दोन दिवसांसाठी पाकीट मागितलं. मोठे सर म्हणाले, "बाँडचं दीड वर्ष बाकी आहे. ते झालं की या." आवाज चढवला नाही, रागावलेही नाहीत.

शनिवारी दुपारी सर काउंटरशी आले. माझ्या खणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता मागतील. ते म्हणाले, "ताई, सोमवारची हजेरी माझी लावू नका, रजा आहे." आणि गेले. माझ्या घरात तेव्हा पगार आणणारी मी एकटी होते, हे त्यांना माहीत होतं.

सोमवारी साडेअकराला त्यांचा फोन आला.

"ताई, जेवण झालं का?"

साडेअकराला कुणी जेवतं का? "नाही अजून," मी म्हटलं. "काय झालं तिकडे?"

"झेरॉक्स चालत नाहीत म्हणतात. संध्याकाळी पाचपर्यंत मूळ आणा म्हणतात." मागे कुणीतरी पुढचं नाव पुकारलं. "बरं. ठेवतो."

धुळ्याहून तिकडे चार तास. बारापर्यंत गाडी मिळाली असती तर पोहोचता आलं असतं. मी उठले, कपाट उघडलं, त्यांचं पाकीट हातात घेतलं. टेबलावरचा फोन वाजला.

"मॅडम, कपाट कशाला उघडलं?"

मोठे सर त्या दिवशी नाशिकला होते. मी वर कॅमेऱ्याकडे बघितलं. "हजेरीची फाईल काढतेय सर."

"काढा आणि बंद करा."

मी पाकीट ठेवलं. नको असलेली एक फाईल काढली. कपाट बंद केलं. पाच वाजेपर्यंत ती फाईल समोर उघडी ठेवून बसले, एक पान उलटलं नाही.

मंगळवारी सर नेहमीसारखे आले. मला काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांनी सहा तास घेतले आणि सगळे उभ्याने घेतले.

त्यानंतर मला त्यांच्याकडे बघवेना. तीन आठवडे मी रोज ते पाकीट बघत होते. मग एक दिवस, फारसा विचार न करता, मी ते हजेरीच्या फाईलमध्ये सरकवलं, फाईल घेऊन जिना चढले आणि रिकाम्या वर्गात त्यांच्या हातात ठेवलं.

"आता काय उपयोग, पण घ्या," मी म्हटलं. "त्या दिवशी मी कपाट उघडलं होतं सर. फोन आला आणि मी परत ठेवलं."

त्यांनी पाकीट उघडलं. दहावीचं गुणपत्रक बाहेर काढून बघितलं, पुन्हा आत ठेवलं. "मी मागायलाच नको होतं," ते म्हणाले.

"तुम्ही मागितलंच नव्हतं."

"फोन केला ना. तेच मागणं." मग एकदम कामाचं बोलावं तसे म्हणाले, "तिथे जागा रिकामी दिसेल. दुसरं एक पाकीट आणा, त्यात जुने पेपर भरू. आणि ताई, तुमचंही काढून घ्या."

आम्ही दोघांनी मिळून केमिस्ट्रीच्या जुन्या प्रश्नपत्रिका तशाच एका पाकिटात भरल्या. वर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. तेच अक्षर, तीच शाई. खाली येऊन मी ते फाईलमधूनच कपाटात ठेवलं आणि तसंच माझं काढून घेतलं.

मला वाटलं, दुसऱ्या दिवसापासून ते येणार नाहीत. पण आले. मी विचारलं, तर म्हणाले, "पोरीची परीक्षा होऊ द्या." ती तिकडची जागा केव्हाच दुसऱ्याला गेली होती. तरी दोन महिने रोज दुपारी ते जिन्याच्या वळणावर बसले, कुणाचीही जबरदस्ती नसताना. दीपाली मध्येच एकदा घरी खरं सांगून आली. तिनेच मला सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं, भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. फोटो काढून टाकू का, असं तिने विचारलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. सर शेत ना त्यामा." सर आहेत त्यात, तेवढं त्यांना पुरे होतं. केमिस्ट्रीत तिला साठ पडले. आता ती इथेच बी.एस्सी.ला आहे.

तिचा केमिस्ट्रीचा पेपर झाला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सर आले नाहीत. फोन बंद. चौथ्या दिवशी मोठ्या सरांनी कपाटातून पाकीट मागवलं. "कुठे जातील? जीव इथे आहे त्यांचा." त्यांनी पाकीट फोडलं. प्रश्नपत्रिका बाहेर आल्या. त्यांनी पहिली प्रश्नपत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली, चष्मा सावरला, आणि कितीतरी वर्षांनी शिक्षकाच्या आवाजात म्हणाले, "हा तिसरा प्रश्नच चुकीचा आहे." मग प्रश्नपत्रिका पुन्हा पाकिटात भरल्या. मला काही विचारलं नाही. माझं पाकीट घरच्या पेटीत आहे आणि मी अजून त्याच काउंटरवर बसते.

सर सध्या कुठे शिकवतात, मला माहीत नाही. त्यांना शेवटचं पाहिलं ते पेपरच्या दिवशी संध्याकाळी. मी घरी निघाले होते, आणि स्टँडमधून रावेरची गाडी बाहेर पडत होती. खिडकीशी सर बसले होते. मांडीवर निळी प्लास्टिकची बादली, बादलीत ठासून भरलेली पुस्तकं, वर स्टोव्ह. गाडीला हिसका बसला की पुस्तकं पडू नयेत म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी बादली कवटाळून धरली होती. मी हात केला. त्यांना हात करता येईना. त्यांनी फक्त मान हलवली, आणि गाडी महामार्गाच्या बाजूला वळली.