पाचवा रकाना

बायको काविळीनं गेली तेव्हा आमची मुलगी तीन वर्षांची होती. सासूबाई तिला सेलूला घेऊन गेल्या आणि मी चारठाण्याच्या शाळेत परत विज्ञान शिकवायला लागलो. "थोडा सावरलो की तिला घेऊन जातो," असं मी सांगितलं होतं, आणि मनापासून सांगितलं होतं.

सावरणं काही जमेना. शाळा सुटली की खोलीवर येऊन नुसता बसून राहायचो. रडूही येत नव्हतं. मुलीची आठवण यायची तीसुद्धा शेजाऱ्याच्या पोरीची यावी तशी, आणि याचीच मला फार भीती वाटायची. असल्या बापाजवळ लेकरू आणून त्याचं काय भलं होणार?

अशात शाळेत येणाऱ्या एका मासिकात मेंदूतल्या रसायनांवर लेख आला. सेरोटोनिन, एंडॉर्फिन अशी नावं मी पहिल्यांदाच वाचत होतो. उदास वाटणं हा नुसता स्वभावाचा किंवा नशिबाचा भाग नाही, त्यात या रसायनांचाही हात असतो, असं त्यात लिहिलं होतं. ऊन, व्यायाम, वेळेवर झोप, केळी-शेंगदाण्यासारखं साधं खाणं आणि माणसांचा सहवास यांनी मन ताळ्यावर यायला मदत होते म्हणे. मी पडलो विज्ञानाचा मास्तर. लगेच वहीत पाच रकाने आखले. त्यातला उन्हाचा रकाना बघून खरं तर हसू यायला हवं होतं. परभणी जिल्ह्यात राहून उन्हासाठी वेळापत्रक करणारा माणूस मीच पहिला असेन.

पळायला निघालो त्या पहिल्याच सकाळी फजिती झाली. शेताकडं निघालेल्या एका म्हाताऱ्यानं मला बघितलं, हातातला विळा तिथंच टाकला आणि धोतर सावरत माझ्यामागं पळत सुटला. त्याला बघून आणखी दोघं निघाले, त्यातल्या एकाच्या हातात काठी.

"काय झालं मास्तर? कोन लागलंय माघं?"

"कुणी नाही. व्यायाम करतोय. पळालं की मेंदूत रसायन तयार होतं, मनाला बरं वाटतं."

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत होता. "मंग बैलामाघं पळून पळून माज्या डोस्क्यात तर लय साचलं आसंल," तो म्हणाला. "चला, घरला चला. च्या घिऊ."

मी नको म्हणालो. त्यानंतरही तो रोज बोलवायचा आणि मी रोज काहीतरी निमित्त काढायचो. वहीतल्या चार रकान्यांत नेमानं खुणा होत होत्या, पाचवा तेवढा कोरा होता. आधी बरं व्हायचं, मग माणसांत जायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. मुलीचंही तसंच.

सेलू काही लांब नव्हतं, एस.टी.नं तास-दीड तास. पण ती मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती. मधेच बंद पुकारला जायचा, गाड्या थांबायच्या. लोकांवर खरी संकटं कोसळत होती आणि मी त्या बंदच्या आड लपत होतो. गाड्या सुरू झाल्या तरी 'वातावरण निवळू द्या' असं सासूबाईंना कार्ड टाकायचो. त्यांच्या पहिल्या कार्डांत 'लेकरू वाट बघतं' असं असायचं. पुढं नुसतंच 'खुशाल आहे' यायला लागलं. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

आठ महिने गेले. एक दिवस वर्गात एका पोरानं हृदयाची आकृती काढली ती हुबेहूब वांगं. सगळा वर्ग हसला आणि मीही हसलो, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. औषध लागू पडलं होतं! मला इतका आनंद झाला की त्याच रविवारी सकाळची पहिली गाडी धरली. गाडीत मी तिच्या शाळेचा विचार करत होतो, वेणी घालायला शिकायचं ठरवत होतो. कितीतरी दिवसांनी मला माझीच मुलगी आठवत होती.

दार तिनंच उघडलं. उंच झाली होती. केस कापलेले. तिनं मला खालून वर बघितलं आणि आत पळाली.

"आज्जी, पाव्हणे आलेत गं."

मग दोन्ही हातांनी पाण्याचा तांब्या सांभाळत आली आणि माझ्यापुढं धरून उभी राहिली. आजीनं शिकवलं असावं. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, मला बघून दारातच थबकल्या.

"आगं, पाव्हणे कुठले? बाप हाय तुजा."

ती हसली, आजी थट्टा करतेय असं वाटून.

"न्हाई. माजे बाबा चारठाण्याला ऱ्हातेत."

मी तांब्या घेतला. "हो," मी म्हणालो. "मी तिकडूनच आलोय."