सर्टिफिकेट माझं, खुर्ची भाच्याची

"तिथं नको बसू. त्या खुर्च्या इंजिनिअर लोकांच्या आहेत. तू दारापाशी थांब."

साहेब सगळ्यांदेखत बोलले. माझा हात अजून खुर्चीच्या पाठीवर होता.

सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेटवर्क बसवायचं होतं. त्याची बैठक. साहेब म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. खुर्चीत त्यांचा भाचा बसला, पुण्याच्या कॉलेजची पदवी असलेला. दवाखान्याच्या मॅनेजरनं विचारलं, या कोण?

"आमची वायरवाली. हौशी आहे. परीक्षा-बिरीक्षा देत असते."

लोक हसले. चहा आला. दारापर्यंत पोचला नाही.

मी आयटीआय केलेली. शिडीवर चढून केबल ओढत या धंद्यात आले. नेटवर्कची मोठी परीक्षा पास झाले ती दुसऱ्या खेपेला. इंग्रजीतले प्रश्न आधी कळायचेच नाहीत. फी माझी, बिनपगारी रजा माझी. सर्टिफिकेट साहेबांपुढं ठेवून पद मागितलं, तर म्हणाले, असले कागद ढिगानं मिळतात, पदवी कुठाय? मी गिळलं. त्या दिवशी दारातही गिळलं. त्याची अजून आग होते.

मग दवाखान्यानं अट घातली. सर्टिफिकेट असलेला इंजिनिअर कंपनीत पाहिजे, कामाच्या कागदांवर त्याची सही पाहिजे. आमच्या धंद्यात ही रीतच आहे. सर्टिफिकेट एकाचं जोडायचं, मिरवायचं दुसऱ्यानं. भाच्यानं परीक्षा दिलीच नव्हती. त्याला गरज काय?

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच बसायला सांगितलं. पहिल्यांदाच ताई म्हणाले.

"ताई, तुमचं ते सर्टिफिकेट जोडू. फक्त सही करा. बैठकीचं भाचा बघेल."

माझी आई मंगळवार बाजारात भाजी विकायची. गिऱ्हाईक कितीही गोड बोललं तरी तिचं एकच: भाव ठरल्याबिगर पिशवी हातातनं सोडायची न्हाय. मी तिच्याच हाताखाली वाढले.

म्हटलं, नेटवर्क इंजिनिअर म्हणून नेमणुकीचं पत्र द्या. बैठकीत मी बसणार, मीच बोलणार. मग सही.

शेजारी बसलेला भाचा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "एका कागदावर एवढा माज?"

"व्हय. तुमच्याकडं तेवढाबी न्हाय की."

साहेबांचा चेहरा उतरला. आधी सही कर, मग बघू, म्हणाले. तोंडातलं 'ताई' गेलं, 'तू' परत आलं. कंपनीनं तुला मोठं केलं, तेही ऐकवलं. मी सर्टिफिकेट पिशवीत घातलं आणि उठले.

संध्याकाळी फोन आला. पत्र देतो, पण बैठकीला येऊ नको. लोकांपुढं बरं दिसत नाही.

अर्धा भाव. मी नाही म्हटलं. उद्यापासून कामावर येऊ नको, म्हणाले. बरं म्हटलं.

सर्टिफिकेटनं मला कुणी मान दिला नाही. पण त्याच्यावाचून त्यांचं अडलं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. तेवढ्यावर मी सौदा करू शकते. घरी आले आणि पुढच्या परीक्षेचं पुस्तक उघडलं.

उद्या दुसऱ्या कंपनीच्या दारात जाईन. तिथंही आधी विचारीन, मी कुठं बसायचं. माझ्या नावावर यापुढं दुसरं कुणी खुर्चीत बसणार नाही.