चाळीस हत्तींचा नायक

'हा जिंकेल की तो' असा वाद कुणी घालू लागलं की मला आजही शिसारी येते. मी उठून आत जाते. घरच्यांना वाटतं, बाईचं डोकं दुखत असेल.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो. उल्हासनगरच्या एका सिंधी काकांची कॉमिक्स भाड्याने द्यायची लायब्ररी होती. फाटलेली कॉमिक्स पिशवीतून आमच्याकडे यायची आणि आई नि मी ती दाभणाने भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवायचो. मी बारावीत होते. दादा आयटीआयला. पिशवी तोच आणायचा, त्यामुळे रविवारी त्याचे चार मित्र आमच्या ओट्यावर ठाण मांडायचे.

काय ते वाद! नायकांची ताकद हे लोक हत्तींमध्ये मोजत. विजा सोडणारा चाळीस हत्तींचा, दगडी हातांचा पस्तीस. मिसरुडं फुटलेले बाप्ये तोंडात तंबाखूचा मावा धरून, थुंकी उडवत यावर भांडायचे आणि ओट्याखालचं लाल झालेलं गटार दर सोमवारी मी धुवायचे. मला किळस यायची.

त्यांच्यातला एकच जण मावा खात नसे. बारवी धरणाकडच्या आदिवासी पाड्यावरून यायचा, बदलापूरपर्यंत चालत नि पुढे गाडीने. वर्गात त्याच्याशी बोलणारा दादाच काय तो होता. हा ओटा सोडला तर त्याला बसायला दुसरी जागा नव्हती.

मग तो अंक आला, ज्यात दोघे नायक एकमेकांशीच लढतात. शेवटच्या चार पानांत विजावाला समोरच्याला लोळवतो. दादा विजावाल्याच्या बाजूचा, तो तर हवेतच गेला. पाड्यावरचा मात्र अंक डोळ्यांजवळ धरून बसला.

"हरलेल्याचा पट्टा बग ना. हिथं तांबडा हाय, पुढं निला. ह्यो मानूस येगला हाय."

"अबे, छपाईची मिष्टेक आहे ती," दादा म्हणाला. "जंगलात राहून तुला काय कळणार?"

बाकीचे फिदीफिदी हसले. पुढचे कित्येक रविवार त्याचं नावच 'निला पट्टा' पडलं.

एकदा झाडताना पेटीखाली मला चार पानं सापडली. त्याच अंकाची, खरी. त्यात दगडी हातांचा जिंकत होता. दुसऱ्याच कुठल्या तरी अंकाची पानं मी त्याला शिवली होती. मी ती दादाला दाखवली. त्याने ती दोनदा वाचली. मग उठला आणि चारही पानं पाणी तापवायच्या बंबात घातली.

"काकांना कळलं तर आईचं काम जाईल," तो म्हणाला. आईचं नाव त्याने ज्या सफाईने पुढे केलं, त्याचा मला तेव्हाही राग आला.

दोन आठवड्यांनी पाड्यावरचा खरा अंक घेऊन आला. कल्याणच्या स्टॉलवरून नवाकोरा विकत आणलेला. त्याने शेवटचं पान उघडून ओट्यावर ठेवलं. दादाने ते नीट पाहिलंसुद्धा नाही.

"डुप्लिकेट आहे. उल्हासनगरचा माल," तो म्हणाला. "विश्वास नसेल तर हिला विचार. हीच शिवते सगळे, हिला ओरिजनल कळतं."

मी दारातच शिवत बसले होते. सगळे माझ्याकडे बघू लागले. दादाही. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, मी काय बोलणार याची खात्री होती. काकांचा इथे काही संबंध नव्हता, आईच्या कामाचाही नव्हता. मी एवढंच म्हणायचं होतं की पानं माझ्या हातून चुकली.

"डुप्लिकेटच वाटतंय," मी म्हणाले.

पाड्यावरच्याने अंक मिटला. एकवार माझ्या हातातल्या दाभणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला सगळं कळलं होतं, कदाचित पहिल्या दिवसापासूनच.

"शिवताना पट्टा बगत जा, ताई," तो हळूच म्हणाला आणि चपला घालून उतरला. पुन्हा आमच्या ओट्यावर कधीच आला नाही.

तो कोपऱ्यावर वळायच्या आतच मागून कुणीतरी 'निला पट्टा' म्हणून हाक मारली. सगळे हसले. मीही हसले.